सेवेत जडलेले दुखणे आणि अपंगत्व निवृत्तिवेतन : अर्ज कसा मांडावा

सैन्यातून किंवा नौदलातून गुडघा अथवा कणा अधू होऊन कोकणात परतलेल्या जवानाला दरडीवरच्या कलमांची राखण झेपत नाही, होडीवर उभे राहवत नाही आणि पहारेकऱ्याची नोकरीही फार दिवस टिकत नाही. त्यामुळे त्याच्या अर्जाचे पहिले वाक्य 'माझ्याने काम होत नाही' असे असते. ते खरे असले तरी निर्णय त्यावर होत नाही. दुखणे सेवेमुळे उद्भवले किंवा बळावले का, आणि मेडिकल बोर्डाने (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) अपंगत्व किमान 20 टक्के धरले का, हे दोन प्रश्न आधी पाहिले जातात.

म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि सेवा सोडतानाच्या मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल प्रथम जमवावा. अहवाल बहुतेकांकडे नसतो. तो सेवेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे (मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे) माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागावा. पावसाळ्यात घरातल्या पेटीलाही ओल लागते, तेव्हा एक संच मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवलेला बरा. जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला नागरी सवलतींसाठी उपयोगी असला, तरी तो बोर्डाच्या अहवालाची जागा घेत नाही.

अहवालात 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा असेल, तर त्यापुढे दिलेले कारण नीट वाचावे, कारण खरी लढाई तिथेच असते. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे आणि संबंध नसल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रशासनावर राहावा. अपिलात भरतीच्या तपासणीची नोंद, कोणत्या तैनातीत त्रास सुरू झाला आणि कोणत्या लष्करी रुग्णालयात उपचार झाले, हे तारखांसह क्रमाने लिहावे. काम न होण्याची व्यथा शेवटी दोन ओळींत पुरे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत, म्हणून त्यानंतर सेवा सोडलेल्यांनी हा युक्तिवाद जसाच्या तसा उचलू नये.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत करावे, मग दुसरे, आणि तेही फेटाळले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जाता येते. उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी अनेकदा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

रकमेचा हिशेब ठाऊक असावा. 100 टक्के अपंगत्वाला निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी धरलेल्या वेतनाच्या 30 टक्के इतका अपंगत्व घटक मिळतो. अपंगत्व 20 ते 49 टक्के असेल तर ते 50 टक्के धरतात, म्हणजे 40,000 रुपये वेतनावर 12,000 चे निम्मे, 6,000 रुपये. राम अवतार प्रकरणातील 2014 च्या निकालाने टक्केवारी अशी वाढवून धरण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. जुन्या पीपीओत तो नसेल, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओची प्रत घेऊन जावे.