मे महिन्यातलं वीजबिल ३०० युनिटच्या आत कसं आणलं

नागपुरात आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, म्हणून एसी पहाटेपर्यंत चालायचा. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत, आणि ३०० च्या पुढचं युनिट बरंच महाग पडतं. तेव्हा ३०० ची मर्यादा धरूनच कामाला लागलो.

आधी गच्चीला चुना. रात्रभर भिजवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात दिले. पांढरा रंग बरंचसं ऊन परतवून लावतो. पावसाळ्यात चुना धुपतो, त्यामुळे दर मार्चला पुन्हा लावावा लागतो. तरी इतक्या कमी खर्चात याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मग कूलर. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, कूलर साधारण २०० वॅट. क्षाराने कडक झालेल्या ताट्या बदलल्या, पाण्याच्या नळीची बुजलेली भोकं सुईने मोकळी केली. आणि मुख्य म्हणजे समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली! ती बंद असली की ओल खोलीतच कोंडते, अंग चिकचिकतं आणि लोक उगाच कूलरला नावं ठेवतात. अर्थात हे विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात जमतं, मुंबई-कोकणात नाही.

एसी आता फक्त आईच्या खोलीत, २६ अंशांवर, सोबत पंखा. कूलरची टाकी मात्र दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात.