कोल्हापूरकडच्या घराण्याच्या जुन्या नोंदी कुठं आणि कशा शोधायच्या

पणजोबांच्या मागचं नाव पाहिजे म्हटलं की बरेच जण आधी मोबाईलवर आडनाव टाकून बघतात, मग कुठल्यातरी वेबसाइटवर कुळाचा हजार वर्षांचा इतिहास मिळतो, पण त्यात आपले आजोबा काही सापडत नाहीत. आपल्या माणसाचं नाव सापडतं ते गावच्या दप्तरात. म्हणून सुरुवात गावापासून करा आणि 1949 च्या आधी ते कुणाच्या हद्दीत होतं हे आधी नक्की करा.

आपल्या जिल्ह्यात ह्यावाचून पुढं सरकताच येत नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधी खुद्द संस्थानचे पेटे (म्हणजे तालुक्यासारखे भाग) वेगळे आणि विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी ह्या जहागिऱ्यांचा कारभार वेगळा, आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत, कुरुंदवाड पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान, आणि चंदगड तर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. त्यामुळे चंदगडकडच्या लोकांनी जुन्या कागदांसाठी बेळगावचीही चौकशी करायची. उलट रायबाग संस्थानात होतं आणि आज कर्नाटकात आहे. गावाचा अंदाज येत नसेल तर 1886 चं कोल्हापूरचं इंग्रजी गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतं, त्यात पेटे, जहागिऱ्या, मोठी गावं सगळं दिलंय.

आता घरातलं. आजी, आत्या, चुलत घरातले म्हातारे ह्यांच्याशी आधी बोला, आणि नुसती नावं विचारू नका, "आपली शेती कुठल्या शिवारात होती, भाऊबंद कोण, आजीचं माहेर कुठलं" असं विचारा, कारण पुढं प्रत्येक ऑफिसात गाव आणि गट नंबर लागतो. ट्रंकेतले कागद काढले की फोटो आधी. 2019 च्या पुरात शिरोळ-करवीरकडं कितीतरी घरांत पाणी शिरलं, तेव्हा हे काम पुढच्या पावसाळ्यावर अजिबात टाकू नका. आणि जुना कागद लॅमिनेट करायचा नाही, सेलोटेप पण लावायचा नाही.

ऑनलाइन सुरुवात महाभूलेख ह्या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवरून करा. बिनसहीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) फुकट बघता येतो. पण सातबारा हा आजचा कागद आहे, आपल्याला त्यावर दिसणारे फेरफार (जमिनीचा मालक बदलल्याची नोंद) नंबर पाहिजेत. ते सगळे वहीत उतरवून घ्या, जुने सुद्धा. आपले अभिलेख नावाच्या सरकारी साइटवर स्कॅन केलेले जुने उतारे मिळतात, यादीत आपला तालुका-गाव आहे का बघा, नसेल तर तलाठी किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्यायचा.

माझं स्पष्ट मत आहे की वंशावळीसाठी वारसा फेरफाराएवढा, म्हणजे माणूस वारल्यावर वारसांची नावं लावल्याच्या नोंदीएवढा, चांगला कागद दुसरा नाही. माणूस कधी वारला, मागं कोण कोण, मुलं, लग्न झालेल्या मुली, विधवा बायको, कुणी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर त्याचा पालनकर्ता, इतकं सगळं एका नोंदीत येतं. बायकांची नावं एरवी कुठं मिळत नाहीत ती इथं मिळतात. एका फेरफारावरून बापाचं नाव घ्यायचं, मग त्या बापाच्या नावावर जमीन कशी आली तो फेरफार काढायचा, असं एकेक पिढी मागं जायचं. नावापुढं 'एकुमॅ' लिहिलेलं असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याला भाऊ असू शकतात, तेव्हा उताऱ्यावर एकच नाव दिसतंय म्हणून तो एकुलता होता असं धरू नका. जुन्या कागदात 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव कितीदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, म्हणून गाव आणि जमीन जुळतीय का ते बघूनच आपला माणूस म्हणायचं.

त्यानंतर गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच, त्यामुळे बापाच्या नावानं शोधायचं. 2023 पासून शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी ही जुनी रजिस्टरं राज्यभर धुंडाळली गेली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर टाकल्यात. कुणबी दाखला काढायचा असो वा नसो, गावाची यादी एकदा नजरेखालून घाला.

शाळा विसरू नका! शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे आपल्याकडं खेड्यातल्या शाळांची जनरल रजिस्टरं जुनी असू शकतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, साल अंदाजे सांगा, आणि आजोबांचंच नाही तर त्यांच्या भावांचंही बघा, एकाच्या नोंदीत जे नाही ते दुसऱ्याच्या नोंदीत निघतं. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, आणि दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र. दत्तक गेलेला माणूस असेल तर हे फार लागतं. ख्रिस्ती घरं असतील तर चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं.

संस्थानच्या काळातलं सरकारी दप्तर कोल्हापूर पुराभिलेखागारात आहे. बरंचसं मोडी लिपीत आहे. ओळखपत्र घेऊन जायचं, अर्ज करायचा आणि "माझी वंशावळ पाहिजे" असं न म्हणता गाव, वतन, इनाम, अंदाजे साल असं सांगायचं, म्हणजे कुठला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) काढायचा ते तिथल्या लोकांना कळतं. 1918 मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, त्याआधीचं गावचं लिखाण कुलकर्ण्यांच्या हातचं, त्यामुळे गावात जुनं कुलकर्णी घर असेल तर तिथंही विचारा, माडीवर रुमाल असू शकतात. मोडी येत नसेल तर वाचकाला पैसे देऊन वाचून घ्या किंवा स्वतः शिका, चिकाटीनं जमतं.

तारखा बदलताना गोंधळ होतो. जुन्या कागदांतल्या सनाचं इंग्रजी साल काढायला शकात 78 मिळवा, फसलीत 590, शुहूर सनात 599. शके 1832 म्हणजे 1910. वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, म्हणून एखादं वर्ष पुढं धरून बघायचं.

आणि हेळवी. आपल्या भागात सुगीला दारात येणारे हेळवी घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, वह्याही ठेवतात. आले तर चहा द्या, बसवून घ्या, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा आणि आपल्या घरातल्या नव्या मुलामुलींची नावं पण लिहून द्या. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यायांकडंही अशाच वह्या आहेत, तिथं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या गावाचे उपाध्ये कोण ते कळतं. ह्या वह्यांतलं नाव फेरफाराशी किंवा शाळेच्या नोंदीशी जुळवून घ्या, जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा, खोडू नका.

प्रत्येक नावापुढं कागद कुठला, रजिस्टर कुठलं, पान नंबर, कधी बघितला एवढं लिहायचंच. नाहीतर दोन वर्षांनी चुलत भावानं विचारलं "हे कशावरून?" तर परत त्याच रेकॉर्ड रूमची पायरी चढावी लागते.