बुद्धिबळ इंजिनासाठी संगणक निवडताना

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणते इंजिन, म्हणजे चाली शोधून स्थितीचे मूल्यमापन करणारा प्रोग्राम, चालवणार आहोत हे पक्के करावे, कारण स्टॉकफिश आणि लीला चेस झिरो या दोन्ही विनामूल्य इंजिनांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. स्टॉकफिश 2020 पासून न्यूरल नेटवर्क वापरत असले, तरी ते नेटवर्क प्रोसेसरवरच झपाट्याने चालावे अशा बेताने रचलेले आहे; त्यामुळे कितीही महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले तरी स्टॉकफिशचा वेग तसूभरही वाढत नाही. लीलाला मात्र चांगले ग्राफिक्स कार्डच लागते आणि तेथे एनव्हिडियाची आरटीएक्स मालिका सोयीची पडते. केवळ आपल्या डावांचे विश्लेषण करायचे असेल, तर कार्डाचे पैसे वाचवून ते प्रोसेसरवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर निवडताना कोअरची संख्या पाहावीच. पण तो एव्हीएक्स2 या सूचनासंचाला साथ देतो की नाही, हेही तपासावे, कारण स्टॉकफिशच्या वेगवान आवृत्त्या त्यावरच अवलंबून असतात. जुना संगणक स्वस्तात घेणाऱ्याने तर हे आधी पाहावे.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी उष्णतेचा विचार गांभीर्याने करावा. इंजिन सर्व कोअर एकाच वेळी आणि सलग राबवते. माझ्या जुन्या, पातळ लॅपटॉपवर विश्लेषण सुरू केले की पहिल्या मिनिटाला प्रति सेकंद नोड्सचा, म्हणजे तपासलेल्या स्थितींचा, आकडा भरघोस दिसे. दहा मिनिटांत पंखा घोंघावू लागे, कळफलकाची वरची पट्टी हाताला चटका देई आणि तो आकडा डोळ्यांदेखत खाली येई. म्हणून त्याच किमतीत चांगला कूलर असलेला डेस्कटॉप मिळत असेल, तर तोच घ्यावा. विकत घेण्यापूर्वी शक्य झाल्यास स्टॉकफिशची ‘बेंच’ ही आज्ञा चालवून वेग टिपून घ्यावा, पण ती थोडक्यात आटोपत असल्याने त्यानंतर इंजिन पंधरा मिनिटे तरी चालू ठेवून आकडा टिकतो का, ते पाहावे.

रॅम 16 जीबी असली की बहुतेकांचे भागते. अंतिम टप्प्यातील स्थितींचे अचूक निकाल देणारे सिझिजी टेबलबेस हवे असतील, तर राजे धरून पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे 1 जीबीत मावतो, सहा मोहऱ्यांपर्यंतच्या संचाला जवळपास 150 जीबी लागतात, आणि सात मोहऱ्यांचा संच 18 टीबीच्या आसपास जात असल्याने घरगुती वापरासाठी तो विसरलेलाच बरा. हे टेबलबेस एसएसडीवरच ठेवावेत. फिरत्या हार्ड डिस्कवर इंजिन प्रत्येक वाचनासाठी ताटकळते.

संगणक घरी आल्यावर इंजिनाच्या सेटिंगमध्ये अवश्य डोकवावे. स्टॉकफिशमध्ये मुळात थ्रेड्स (एकाच वेळी चालणारे गणनेचे धागे) 1 आणि हॅश (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्यासाठी रॅममधील जागा) 16 एमबी एवढेच असते. ते न बदलल्यास सोळा कोअरांपैकी पंधरा नुसते बसून राहतात. थ्रेड्स कोअरच्या संख्येइतके करावेत आणि दीर्घ विश्लेषणासाठी हॅश 4 ते 8 जीबी ठेवून उरलेली रॅम इतर कामांना मोकळी सोडावी.