अनंत चतुर्दशीची तयारी आणि आदेशातले तीन शब्द

आमच्या महानगरपालिकेच्या समन्वय कक्षाचा विसर्जनाच्या दिवसाचा आदेश एका वर्षी मी लिहिला होता. नऊ पाने, सोबत नकाशा, विभागवार जबाबदाऱ्या, सगळे नीटनेटके होते, आणि प्रत्येक विभागाच्या प्रतिनिधीच्या नावापुढे नेमणुकीची वेळ म्हणून "सकाळी नऊपासून विसर्जन पूर्ण होईपर्यंत" असे लिहिलेले होते. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. पहाटे साडेपाचच्या सुमारास एका मंडळाच्या रथाची कमान विजेच्या तारेत अडकली, तेव्हा कक्षातल्या अकरा खुर्च्यांपैकी सात रिकाम्या होत्या आणि त्यांत वीज कंपनीची खुर्चीही होती. तो अभियंता काम टाकून पळाला नव्हता. सलग एकोणीस तास बसून तो चार वाजता घरी गेला होता, आणि त्याच्या जागी कोण येणार हे मी कुठेच लिहिले नव्हते. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करायला कोणाला सांगायचे हे उरलेल्या चौघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. पन्नास मिनिटे रथ जागचा हलला नाही, मागची गर्दी अरुंद रस्त्यात दाटत गेली, आणि गुदमरलेल्या चौघांना रुग्णालयात हलवावे लागले. कोणी दगावले नाही, पण त्यात आमचे कर्तृत्व काहीही नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते या कामावर नव्याने नेमल्या जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पहाटेची पाळी विसरू नका.

पहिली गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी ती ही की शहराची सुरक्षितता महानगरपालिकेच्या हातात आहे असे नागरिकांना वाटत असले, तरी त्यातला निम्मा कारभार तिच्या हाताबाहेर असतो. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे, पथदिवे आहेत, रस्ते आणि पूल आहेत, पोलीस नाहीत. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून पोलीस आयुक्त गृह विभागाला उत्तरदायी असतात आणि महापालिका आयुक्त नगरविकास विभागाला. वीज वितरण कंपनी वेगळी, धरणाचे दरवाजे जलसंपदा विभागाकडे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्याच्या आरोग्य विभागाची, आणि मिरवणुकीच्या वाटेवर रेल्वे स्थानक असेल तर तिथे केंद्राचे रेल्वे सुरक्षा दल आणि राज्याचे लोहमार्ग पोलीस असे दोन वेगळे गणवेश. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. २०२५च्या दुरुस्तीने महानगरपालिकांच्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी प्राधिकरण स्थापण्याची मुभा राज्यांना दिली आहे, पण नुसत्या मुभेने पहाटे साडेपाचला फोन उचलला जात नाही. या सगळ्यांना आपण हुकूम देऊ शकत नाही, विनंतीच करू शकतो, आणि म्हणूनच विनंती लेखी, वेळेवर आणि नावानिशी असावी लागते.

महिनाभर आधीची बैठक, शांतता समिती, मंडळांचे परवाने, खड्डे, फांद्या, पथदिवे या गोष्टी दरवर्षी होतात आणि त्यांची आठवण करून द्यायला पुष्कळ लोक असतात. त्यांवर मी शब्द घालवत नाही.

संयुक्त पाहणी मात्र पायी करावी, आणि तीही मिरवणुकीच्या वाटेने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जीपमधून केलेली पाहणी ही पाहणी नव्हे. पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, वीज कंपनी, पथ विभाग आणि मलनिस्सारण विभाग यांचा प्रत्येकी एक माणूस बरोबर हवा. मंडळे परवान्याच्या अर्जात मूर्तीची उंची लिहितात. ट्रॉली, चौथरा आणि वरची कमान मिळून जमिनीपासून होणारी उंची लिहीत नाहीत, आणि तार अडते ती त्या उंचीला. शिवाय गेल्या वर्षी तार किती उंचीवर होती याची नोंद या वर्षी कामाची नसते, कारण मधल्या काळात रस्त्यावर डांबराचा आणखी एक थर चढलेला असतो आणि रस्ता जितका वर येतो तितकी तार आणि पूल खाली येतात. मंजूर उंचीएवढा बांबू एका टेम्पोवर उभा बांधून पूर्ण मार्गावर फिरवावा. बांबू जिथे अडेल तिथे तार उचलावी, नाहीतर त्या मंडळाला त्याच दिवशी बोलावून सांगावे. हे काम त्या वर्षी आम्ही केले होते. बांबू अडला नाही, पण त्या मंडळाने आदल्या रात्री कमानीवर कळस चढवला. पाहणी कितीही चोख झाली तरी पहाटे तार तोडणारा किंवा प्रवाह बंद करणारा माणूस लागतोच, हे यावरून समजावे.

ठिकाणांची नावे एक करून घ्यावीत. पोलिसांच्या बंदोबस्ताचे पॉइंट क्रमांकांनी ओळखले जातात, विद्युत विभागाला खांबाचा क्रमांक लागतो, अग्निशमन दल चौकाचे जुने नाव वापरते, आणि मंडळाचा कार्यकर्ता फोनवर "मिठाईवाल्याच्या कोपऱ्यावर" असे सांगतो. एकच नकाशा, त्यावर एकच क्रमवारी, आणि त्याच्या प्रती प्रत्येक गाडीत व प्रत्येक पॉइंटवर असाव्यात. मोबाइलवर पाठवलेला नकाशा गर्दीत उघडत नाही.

समन्वय कक्षात सर्व विभागांनी एका खोलीत बसण्याचे कारण काय, असे दरवर्षी कोणीतरी विचारतो, कारण त्याला आपल्या कार्यालयातून फोनवर काम करायचे असते. लाखभर लोक एका रस्त्यावर उतरले की मोबाइलचे जाळे तुंबते. पोलिसांचा बिनतारी संच त्यांच्या यंत्रणेवर बोलतो, अग्निशमन दलाचा स्वतःच्या, आणि हे दोन्ही संच एकमेकांशी बोलत नाहीत. ते संच हातात घेतलेली दोन माणसे शेजारी बसली तरच बोलणे होते. म्हणून खुर्च्या हव्यात. एक साधा तारेचा दूरध्वनीही हवा. खुर्चीवर बसणाऱ्याला जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार असला पाहिजे. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणणारा प्रतिनिधी नसलेला बरा, कारण तो असल्यामुळे आपण दुसऱ्या कोणाला फोन करत नाही. नोंदवहीत प्रत्येक निरोपाची वेळ, देणारा, घेणारा आणि पुढे काय झाले हे चार रकाने असावेत. चौथा रकाना रिकामा राहिला तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारणे हे एका विशिष्ट माणसाचे काम असावे.

आता पाळीविषयी. आदेशात "विसर्जन पूर्ण होईपर्यंत" असे लिहू नका. दरवर्षीच्या मसुद्यात ते आपोआप उतरते, म्हणून सहीआधी ते तीन शब्द शोधून खोडा. पुण्याची मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस तासांच्याही पुढे जाते, लालबागच्या राजाचे विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा त्याहूनही उशिरा होते, आणि लहान शहरांतही आता उजाडतेच. कोणताही माणूस इतके तास जागा राहून कामाचा राहत नाही. तो चारच्या सुमारास निघून जातो किंवा खुर्चीतच झोपतो, आणि झोपलेला प्रतिनिधी गेलेल्याहून घातक, कारण तो आहे असे समजून आपण निर्धास्त असतो. प्रत्येक खुर्चीसाठी आठ-आठ तासांच्या पाळ्या लिहाव्यात: सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा आणि पुन्हा सकाळी आठ. पाळीपुढे पदनाम न लिहिता नाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहावेत, कारण "कनिष्ठ अभियंता, विद्युत" या नावाचा कोणी माणूस नसतो. रात्री बाराच्या पाळीला येणाऱ्याने त्या दिवशी दुपारी कुठेही काम केलेले नसावे, हे त्याच्या वरिष्ठाकडून लेखी घ्यावे. आम्ही पुढच्या वर्षी पाळ्या लावल्या तेव्हा एका विभागाने रात्रीच्या पाळीला तोच माणूस पाठवला जो सकाळपासून घाटावर उभा होता.

आणि बदली माणूस कक्षापर्यंत पोहोचणार कसा, हे ठरवल्याशिवाय त्याचे नाव लिहून काही उपयोग नाही. रात्री साडेअकराला सगळे रस्ते बंद असतात, बस लांबून वळवलेल्या असतात, आणि आपणच उभे केलेले पोलीस त्याला आपल्याच बॅरिकेडवर अडवतात. त्याला पास द्यावा, कोणत्या बाजूने यायचे ते सांगावे, आणि एक गाडी फक्त बदलीच्या माणसांना आणण्यासाठी राखून ठेवावी. ही गाडी दुपारी कोणीतरी दुसऱ्या कामाला मागतो. देऊ नये. जुन्या माणसाने नव्याला अर्धा तास शेजारी बसून काय चालू आहे ते सांगावे आणि दोघांनी नोंदवहीत सही करावी; सही झाल्याशिवाय जुन्याने खुर्ची सोडू नये. पोलिसांच्या बाजूलाही हेच विचारून घ्यावे, कारण पॉइंटवरच्या शिपायांना आणि होमगार्डना सोडवायला कोण येणार हा प्रश्न त्यांच्याकडेही पहाटे तितकाच अडचणीचा असतो, फक्त ते आपल्याला सांगत नाहीत.

पहाटेवर मी इतका अडून बसतो त्याला आणखी एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी आहे आणि वर्षातले ठरावीक दिवस सवलत मिळते ती मध्यरात्री बारापर्यंत. बाराला आवाज थांबतो, मिरवणूक थांबत नाही; मंडळे वाटेतच सहा वाजण्याची वाट पाहत रेंगाळतात, आणि सहाला पुन्हा आवाज सुरू होताच रात्री घरी गेलेली तरुण पोरे परत येतात. म्हणजे गर्दीची दुसरी लाट सहाला येते, आणि आपली माणसे सर्वांत थकलेली असतात ती नेमकी त्याच वेळी. आमचा रथ साडेपाचला अडकला. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो.

गर्दी किती वाईट होऊ शकते याबद्दल कोणाला शंका असल्यास नाशिकचा २००३चा सिंहस्थ आठवावा. अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. मांढरदेवला जानेवारी २००५मध्ये सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. दोन्हीकडे वाट अरुंद होती आणि मागच्यांना पुढे काय झाले हे कळत नव्हते. म्हणून प्रत्येक अरुंद टप्प्याच्या मागे, शंभर-दोनशे मीटर आधी, गर्दी थांबवण्याची जागा आणि भोंगा घेतलेला माणूस ठरवून ठेवावा. अडचण समोर झाली की आपण समोर धावतो. थांबवायचे असते मागे.

रुग्णवाहिका बाहेरच्या दिशेने तोंड करून उभी करावी आणि तिच्या वाटेवरचे बॅरिकेड उघडण्याचा अधिकार कोणाला आहे ते तिथल्या शिपायाला सांगून ठेवावे. बॅरिकेड तारेने बांधतात, त्यामुळे तिथे एक पक्कडही असू द्यावी. चालकालाही बदली हवा. रुग्णालयांना रस्ते बंदीची अधिसूचना थेट पाठवावी, वर्तमानपत्रातून त्यांनी वाचावी अशी अपेक्षा ठेवू नये.

नदीचे घाट असतील तर जलसंपदा विभागाच्या पूरनियंत्रण कक्षाचा माणूस कक्षात हवा, किंवा निदान त्याचा क्रमांक भिंतीवर. भाद्रपदात धरणे भरलेली असतात. पुण्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे तिथे सर्वांना माहीत असते, पण सोडलेले पाणी आपल्या घाटावर किती वेळाने पोहोचते हे आपल्या शहरासाठी विचारून लिहून ठेवावे लागते. जीवरक्षक, तराफे, दोर, घाटावर पुरेसा उजेड. जीवरक्षकांच्याही पाळ्या. समुद्रकिनारा असेल तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक, दोन्ही दिवसांचे.

सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर बसणाऱ्याला कोणत्या चौकाकडे पाहायचे ते क्रमाने सांगावे, नाहीतर तो मिरवणूक पाहतो. बेवारस वस्तूची खबर ११२ला आणि कक्षाला, दोन्हीकडे. अफवा पसरली तर खुलासा एकाच अधिकाऱ्याने करावा. जनित्राला डिझेल.

निर्माल्य, कचरा आणि रस्ते धुणे यांचे वेगळे पथक असते आणि ते आपले काम जाणते. बॅरिकेड मोजून परत घ्यावेत. हरवलेली मुले मदत केंद्रात आहेत का, हे कक्ष बंद करण्यापूर्वी विचारावे.

कक्षातला चहा-नाश्ता आपण सकाळी सहाचा ठेवतो. तो पावणेचारला ठेवावा, आणि कपांची संख्या खुर्च्यांशी जुळवून पाहावी.