रास्पबेरी पायवर ऑक्टेव्ह आणि नमपाय चालवताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या बोर्डावर ऑक्टेव्ह हे गणिताचे सॉफ्टवेअर किंवा नमपाय ही पायथन भाषेतली गणिती लायब्ररी चालवताना गणित रखडले की बहुतेक विद्यार्थी आधी आपला प्रोग्राम उलटसुलट करून पाहतात. दोष मात्र पुष्कळदा प्रोग्रामच्या खाली, म्हणजे विजेत, उष्णतेत किंवा मेमरीत असतो, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली चूक म्हणजे हाताशी असलेला मोबाइलचा चार्जर आणि जुनी, बारीक केबल लावणे. रास्पबेरी पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अॅडाप्टर ठरवून दिलेला आहे. प्रोसेसरचे चारही कोअर (गणना करणारे भाग) कामाला लागले की बारीक केबलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड स्वतःचा वेग उतरवतो. ऑक्टेव्ह किंवा नमपाय चूक दाखवणारा संदेश देत नाही, फक्त उत्तर उशिरा येते.

दुसरी चूक उष्णतेची, आणि पुण्यात ती एप्रिल-मेमध्ये हमखास भोवते. सदाशिव पेठेत वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत, सकाळी सहा मिनिटांत सुटणारी समीकरणे दुपारी तीन वाजता नऊ मिनिटे घेऊ लागली, तेव्हा मी दोन दिवस प्रोग्राममध्येच दोष शोधत बसलो होतो. बोर्ड बंद प्लॅस्टिकच्या डबीत होता आणि डबीवर हात ठेवला तर चटका बसत होता. प्रोसेसर ८० अंशांवर गेला की त्याचा वेग कमी होऊ लागतो आणि ८५ अंशांवर तो आणखी आवळला जातो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) आणि छोटा पंखा आणून बसवला, तेव्हा दुपारचा वेळ पुन्हा सकाळइतका झाला.

वीज आणि उष्णता, दोन्हींची तपासणी एकाच आज्ञेने होते. गणित चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्यावी. उत्तर शून्य आले तर काळजी नाही. शेवटी ५०००५ दिसले, तर दाब या क्षणी कमी आहे आणि वेगही उतरवलेला आहे. ५०००० दिसले, तर दोन्ही गोष्टी बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेल्या आहेत. गणित संपल्यावर पाहणाऱ्याला हा दुसरा आकडा फार उपयोगी पडतो.

मेमरीचा हिशेब आधी कागदावर करावा. १०,००० गुणिले १०,००० ची मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत (प्रत्येक संख्येला ८ बाइट) ८०० एमबी जागा घेते आणि समीकरणे सोडवताना तिची आणखी एक प्रत तयार होते, त्यामुळे २ जीबीच्या बोर्डावर हे काम मागूच नये. त्यातही व्यस्त मॅट्रिक्स काढून गुणाकार करण्याची सवय सोडावी. ऑक्टेव्हमधला उलटा तिरपा दांडा (\) तेच उत्तर कमी जागेत आणि अधिक अचूक देतो. स्वॅप, म्हणजे मेमरी म्हणून वापरली जाणारी कार्डावरची जागा, वाढवून वेळ मारून नेली, तर एसडी कार्डावर सतत लिहिले जाऊन कार्ड झिजते आणि वेगही कोसळतो.

ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटची आहे का, हे ‘युनेम’ (uname) या आज्ञेवर विसंबून ठरवू नये, कारण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६४ बिटचा आणि वरचे सगळे प्रोग्राम ३२ बिटचे असू शकतात. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ (getconf LONG_BIT) ही आज्ञा खरे उत्तर देते.

पायथन वापरणाऱ्यांनी २०२३ नंतरच्या सिस्टिमवर पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) मनाई केली, की ती जबरदस्तीने मोडू नये. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पायथनची वेगळी जागा, तयार करावे किंवा नमपाय थेट सिस्टिमच्या अॅप्ट या साधनाने घ्यावे.

शेवटची चूक धाग्यांची, म्हणजे थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळींची). ऑक्टेव्ह आणि नमपाय यांच्यामागे मॅट्रिक्सचे गणित करणारी ओपनब्लास ही लायब्ररी आपणहून चार थ्रेड उघडते. त्यावर तुम्ही चार प्रक्रिया सुरू केल्या की चार कोअरवर सोळा थ्रेड भांडू लागतात. अशा वेळी प्रत्येक प्रक्रियेसाठी थ्रेडची संख्या १ ठेवून वेळ पुन्हा मोजावा.