मोकळ्या जागेतील सामूहिक बाग : या चुका टाळा

सांगली, मिरज आणि कुपवाड येथील अनेक वसाहतींच्या मंजूर रेखांकनात एक मोकळी जागा राखलेली असते. तेथे रहिवासी उत्साहाने बाग उभी करतात, पण पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपे वाळलेली, बाके रिकामी आणि नळाची तोटी गायब अशी अवस्था दिसते. दोष रोपांना किंवा लोकांच्या उदासीनतेला दिला जातो. माझ्या मते बिघाडाचे मूळ बहुधा त्याआधीच्या बैठकीत असते, कारण जे तेथे रोज बसणार आणि पाणी घालणार, त्यांना विचारल्याशिवायच आराखडा ठरलेला असतो.

आराखडा कागदावरच ठरवणे

रविवारी सकाळी बैठक घेतली की निवृत्त पुरुष येतात आणि स्वयंपाकात असलेल्या स्त्रिया, शाळकरी मुले, भाडेकरू व घरकामाला येणाऱ्या बायका बाहेर राहतात; पुढे त्या जागेचा सर्वाधिक वापर मात्र हीच मंडळी करतात. म्हणून निदान दोन वेगळ्या वेळी, आणि शक्यतो त्या जागेवरच, बैठक घ्यावी. छापील नकाशा अनेकांना वाचता येत नाही. त्याऐवजी वाफे, वाटा आणि बाकांच्या जागा जमिनीवर फक्कीने प्रत्यक्ष मापात आखाव्यात, त्या जागी घरच्या खुर्च्या ठेवाव्यात आणि आठवडाभर लोक कोठून चालतात, दुपारी सावली कोठे पडते, मुले कोठे खेळतात हे पाहावे. हिरवळ तुडवून नवी पायवाट पडत असेल, तर कुंपण घालण्यापेक्षा तीच वाट पक्की करणे शहाणपणाचे. बाके रिकामी राहत असतील तर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता तेथे बसून पाहावे, म्हणजे कारण आपोआप कळते.

मालकीची खात्री न करणे ही चूक सर्वांत महाग पडते. जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की नाही, हे मंजूर रेखांकन आणि मालमत्ता पत्रकावरून तपासावे व लेखी परवानगी घ्यावी. खड्डे घेण्यापूर्वी जलवाहिनी, ड्रेनेज आणि वीजवाहिन्या कोठून गेल्या आहेत तेही पाहावे. जुने झाड आराखड्याच्या आड येत असेल, तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. 1975 च्या राज्य कायद्याने हे बंधन घातले आहे. खरे तर अशा झाडाभोवतीच आराखडा फिरवावा, कारण तयार सावली विकत मिळत नाही.

काळ्या जमिनीला कमी लेखणे

रोपे पिवळी पडली की पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते, मुळांभोवतीची हवा संपते आणि रोप ओल्या मातीतच कोमेजते. म्हणून लागवडीपूर्वी फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसरे पाणी दुसऱ्या दिवशीही साचून राहिले, तर तेथे निचरा नाही हे निश्चित समजावे. अशा ठिकाणी थोडी वाळू मिसळून फारसा फरक पडत नाही. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच वाफे करून त्यांत भरपूर कंपोस्ट घालावे. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही.

वाफ्यावर पांढरा थर दिसू लागल्यास क्षार साचत आहेत असे समजावे. कृष्णाकाठची कितीतरी शेते अतिपाण्याने क्षारपड झाली आहेत. बोअरचे पाणी खारट असेल, तर बागेतही तेच घडते. माती आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय अशी जमीन सुधारण्यासाठी वापरले जाणारे जिप्सम टाकू नये. स्वच्छतेच्या नावाखाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवणे हीदेखील चूकच, कारण पावसाचे पाणी झाडापर्यंत पोहोचत नाही. खोडाभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवावी.

कंपोस्टला दुर्गंधी येत असेल तर ओला कचरा जास्त झाला आहे. त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेला पाला घालून ढीग उलटावा.

"सगळे मिळून बघू" असे म्हणणे

पाणी, चावी, वीजबिल आणि भाजीचा वाटा या चार गोष्टी लेखी ठरलेल्या नसल्या, तर बाग दोन-तीन घरांच्या खांद्यावर येते. मे महिन्यात गावी जाणाऱ्या कुटुंबाची पाळी कोण घेईल, हे मार्चमध्येच ठरलेले असावे. भाजी चोरीला जाण्याच्या तक्रारी वाढल्या, तर कुलपाआधी वाटणीचा नियम तपासावा. कडीपत्ता, गवती चहा, अळू सर्वांसाठी खुले ठेवून उरलेले वाफे घरटी दिले, की वाद बराच कमी होतो.

पूररेषा विसरणे

सांगलीतील आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही कृष्णेची धोका पातळी मानली जाते आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. सखल वसाहतीत शेड, पंप आणि वीजमीटर उंचावर घ्यावेत, तसेच पक्क्या बांधकामाने पाण्याची वाट अडवू नये. पूर ओसरल्यावर सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात बुडालेली पालेभाजी खाऊ नये, उपटून टाकावी. खोडाभोवती साचलेला गाळ मूळ पातळीपर्यंत हातमोजे घालून काढावा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत झाडांना रासायनिक खत देऊ नये.