पुरात गावचा ग्रुप कसा चालवायचा

वाढदिवस, हरवलेली शेळी आणि सकाळची गुलाबाची फुलं ज्या ग्रुपवर येतात, तो ग्रुप पुरात कामाचा नाही. तो बंद करायलाही जाऊ नका, उगाच भावकीत वाद. पावसाळ्याच्या तोंडावर दुसरा, छोटा ग्रुप काढा. त्यात सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, आशाताई, ट्रॅक्टरवाले, पट्टीचे पोहणारे आणि प्रत्येक वस्तीवरचं एकेक माणूस घ्या. पुढाऱ्यांना नाही घेतलं तरी चालतं, ते येतातच. चर्चा छोट्या ग्रुपवर करायची आणि ठरलेली सूचना तेवढी मोठ्यावर टाकायची.

मी सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी सातबारा, पीकविमा, दाखले यांचं केंद्र चालवते. इन्व्हर्टर आहे, प्रिंटर आहे, म्हणून पूर आला की मंडळी आमच्याकडेच येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं लांबोटीला पुणे-सोलापूर रस्ता अडवला, त्या पुरानंतर आमच्याकडची ही पद्धत पक्की झाली.

सगळ्यात आधी वस्त्यांचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, जमवा. हे काम उन्हाळ्यातच होतं. बाहेरून बोट घेऊन आलेल्या जवानाला 'चिंचेपासून डावीकडं, माने वस्ती' सांगून काय कळणार? माने वस्त्या तरी किती! प्रत्येक वस्तीवर जाऊन गुगल मॅपवर त्या जागी बोट दाबून धरा. लाल खूण पडते आणि दोन आकडे दिसतात, ते वहीत उतरवा. आपल्या जिल्ह्यात पहिला आकडा १७ किंवा १८ नं सुरू होतो, दुसरा ७४, ७५ किंवा ७६ नं. उलट दिसलं तर लिहिणाऱ्यानं अदलाबदल केली आहे. तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला तर नेट गेल्यावरही आपण कुठं आहोत ते दिसतं. हे आकडे साध्या एसएमएसनंही जातात, आणि नेट बसलं तरी पुष्कळदा एसएमएस निघतो.

आता मदतीचा मेसेज. 'परिस्थिती फार बिकट आहे, जास्तीत जास्त शेअर करा' यात बोटवाल्याला काहीच मिळत नाही. असा लिहा: 'खालची वस्ती, पत्र्याच्या शेडवर. माणसं सहा, एक आजी चालू शकत नाही, एक तान्हं बाळ. गाई चार, दावणीला. पाणी कमरेला, वाढतंय. सकाळी ६.४०. मी स्वतः बघतोय.' सोबत आकडे. जनावरांचा उल्लेख मुद्दाम करायला लावते, कारण जर्सी गाय सोडून माणूस बोटीत बसत नाही, आणि हे बोट निघायच्या आधी कळलेलं बरं. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं समजू नका. ११२ ला किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कुणीतरी एकानं फोन लावायचाच, आणि 'मी लावला' असं ग्रुपवर लिहायचं.

मेसेज पाठवायला सगळे पुढं असतात, मिटवायला कुणी नसतं. माणसं सुटून शाळेत चहा पीत बसलेली असतात आणि त्यांच्या सुटकेचा मेसेज सोलापूर, पुणे, दुबई करत फिरत असतो. मग रात्री पुन्हा फोन: 'तिथं सहाजण अडकलेत ना?' म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्या. एका ऑनलाइन शीटमध्ये क्रमांक, वेळ, ठिकाण, गरज, कोण गेलं, सुटलं का, एवढे रकाने पुरे. लिहिणारे दोघंच. शेजारी कागदाची वहीही हवी, कारण चार्जिंग संपतंच. काम झालं की त्याच मेसेजला उत्तर म्हणून टाका: 'क्रमांक ७ पूर्ण, पुढं पाठवू नका.'

अफवांचं मूळ आमच्याकडं बहुतेक एकच: उजनी धरण. 'उजनीतून मोठा विसर्ग' आलं की सीनाकाठची माणसंही गाठोडी बांधतात. अहो, उजनीचं पाणी भीमेत जातं. पंढरपूरकरांनी त्याच्यावर आणि नीरेतून येणाऱ्या वीर धरणाच्या पाण्यावर नजर ठेवावी. आपण बघायचं ते सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या धरणांकडं, तिकडं भूम-परांड्याला किती पडलं तिकडं. सीना भीमेला मिळते ती कुडलला. त्या भागातल्या गावांनी मात्र दोन्हीकडं लक्ष ठेवायचं. विसर्गाच्या मेसेजमध्ये धरणाचं नाव, क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि वेळ नसेल तर तो पुढं ढकलू नका. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर चाललं की साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होतं, एवढा हिशेब ध्यानात असला की लाखाच्या आकड्याचा अर्थ लागतो.

गावातल्या पाण्याचा फोटो दर तासाला एकाच जागेवरून काढा. आमच्याकडं मारुतीच्या पायऱ्या आहेत. सासरे म्हणतात, किती पायऱ्या बुडाल्या ते सांगा, बाकी व्हिडिओ राहू द्या. कुठलाही थरारक व्हिडिओ आला तर गुगल लेन्समध्ये त्यातलं एक चित्र टाकून बघा; जुना, दुसऱ्या राज्यातला निघतो. खोटी भीती पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हे एकदा ग्रुपवर टाकून ठेवा. फरक पडतो.

टॉवर बंद पडतातच. फोटो आपोआप उतरणं बंद करा, स्क्रीनचा उजेड कमी करा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा चार्जर घेऊन ठेवा.

शहरातून मदत यायला लागली की काय नको तेही लिहा. जुन्या कपड्यांचे ढीग नकोत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाणी, पॅड, चारा हवा. पैशासाठी क्यूआर फिरत असेल तर तो ज्याच्या नावाचा आहे त्याला फोन करून खात्री करा.

पाणी ओसरल्यावर गाळ काढायच्या आधी फोटो घ्या, तारीख आणि ठिकाण उमटणाऱ्या कॅमेरा ॲपनं. विहीर, मोटार, ठिबक, घराची भिंत. मेलेल्या जनावराचा फोटो कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा. पंचनाम्याला तलाठी आले की तेच पुढं करा. आणि शीटमध्ये बायाबापड्यांचे फोन नंबर, कुणाचं आजारपण, कोण घरात एकटं, असं सगळं असतं. पंचनामे आटोपले की तिची लिंक बंद करून एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा.